मुक्कामी गाडी

“दूध कोमट करून द्या. टीव्ही लावू नका. आणि तुमच्या त्या लढाया सांगत बसू नका,” वैजू गाडीच्या दारात उभी राहून मला बजावत होती. अंगात खाकी कोट, गळ्यात चामड्याची पिशवी, आणि एक डोळा माझ्या कडेवरच्या पोरीकडे.

“अगं, एका लेकराला झोपवायचंय. गड सर करायचा नाही,” मी म्हणालो.

“कळेल तुम्हाला.”

“माझ्यावर सोड म्हटलं ना!”

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात ड्रायव्हर हिंदुराव आरशातून ओरडले, “ताई, सुटायचं काय?” वैजूनं वर हात करून दोरी ओढली. टिंग टिंग. गाडी गुरगुरली, हलली, आणि स्टँडच्या फाटकातून बाहेर पडून डोंगराच्या रस्त्याला लागली.

रेवानं हात हलवला. “टाटा आई! टाटा हिंदुराव मामा!” रडली नाही, ओठसुद्धा काढला नाही. स्टँडवरचा चहावालाही म्हणाला, “सर, पोरगी लई समजूतदार हाय.” मी छाती फुगवून घरी आलो.

ही गोष्ट आमच्या गारगोटीतली, रेवा तिसरं संपवून चौथ्यात लागली तेव्हाची. वैजयंता, म्हणजे माझी बायको, एसटीत कंडक्टर. रेवा झाल्यापासून आगारातल्या लोकांनी तिला सांभाळून घेतलं होतं. दिवसाच्या फेऱ्या द्यायचे, म्हणजे दिवेलागणीला ती घरात. पण आगारात आणखी दोघीजणी बाळंतपणाहून परतल्या, त्यांचीही लेकरं लहान, आणि वैजूची मुक्कामी गाडीची पाळी आली. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन डोंगरातल्या पाळेवाडीला जायचं, ड्रायव्हर-कंडक्टरनं रात्री तिथंच राहायचं, आणि सकाळी शाळेची पोरं, दुधाचे कॅन घेऊन खाली यायचं. पाळी आठवडाभर, आणि नंतर दर महिन्याला.

वैजूनं सरळ सांगून टाकलं होतं, “एक आठवडा बघते. पोरगी झोपली तर ठीक. नाही तर नोकरी सोडते. तिची हेळसांड करून मला तिकिटं फाडायची नाहीत.”

ती बोलली तशी करणार, याची मला खात्री होती. म्हणूनच मला धास्ती होती. ही बाई गाडीत चढली की दोन इंच उंच होते. कोण कुठं उतरणार, कुणाची म्हातारी दवाखान्यात आहे, कुणाचं पोरगं शाळा चुकवून बाजारात निघालंय, सगळं तिला ठाऊक. एकदा रजेवर होती तर पाळेवाडीच्या बायका आमच्या घरी चौकशीला आल्या, वर तांदूळही देऊन गेल्या. अशा बाईला घरात बसवून ठेवायचं म्हणजे वाहत्या पाण्याला बादलीत कोंडायचं. ते माझ्या हातून व्हायला नको होतं.

आणि मुळात अडचण ती काय? मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो. दुपारच्या जेवणानंतरचा तास कायम माझ्याच गळ्यात. तहाची कलमं सुरू केली की मागचे तीन बाक गार, पुढचे डुलायला लागलेले. “तुमच्या वर्गात शांतता फार असते हो,” असं मुख्याध्यापक एकदा म्हणाले होते, आणि ते कौतुक नव्हतं. म्हणजे चाळीस-पन्नास दांडगी पोरं मी रोज न सांगता झोपवत होतो. मग वीतभर रेवा म्हणजे काय?

तर पहिल्या रात्री ती वीतभर रेवा अंथरुणात पडली. दूध पिऊन झालं होतं, पायाशी पांघरूण होतं. मी शेजारी आडवा होऊन थोपटायला लागलो. माझं थोपटणं माझ्या स्वभावासारखंच. सावकाश, एकेक थाप, नेमकी. वर्गात गलका झाला की टेबलावर डस्टरसुद्धा मी एकदाच आपटायचो. दोनदा आपटला की पोरांना वाटतं, गुरुजी डगमगले.

थप्.

रेवाचे डोळे मिटत आले होते ते टक्क उघडले.

थप्.

ती कोपरावर उठली. “थांबली,” म्हणाली.

“कोण थांबलं, बाळा?”

ती दाराकडे बघत राहिली. मी पंख्याकडे बघितलं. फिरत होता. घड्याळ बघितलं. टिकटिकत होतं. “काही थांबलं नाही. झोप बघू.”

थप्.

“परत थांबली!”

मग मी वैजूचा हुकूम मोडला. पानिपत काढलं. वर्गात पानिपतावर हमखास माना पडतात. पण या बाईसाहेबांनी मांडी घातली. हत्ती कुठं बांधले होते, घोड्यांना चंदी कोण घालत होतं, मेलेल्या सैनिकांच्या आयांना कुणी सांगितलं, एकेक प्रश्न असा की बी.ए.ला असता तर मी नापास झालो असतो. लढाई आम्ही हरलो, तरी ती जागीच. शेवटी भिंतीला टेकून बसल्या बसल्या तिचा डोळा लागला तेव्हा माझ्याच घशाला कोरड पडली होती.

सकाळी वैजू गाडीतून उतरली आणि तिनं आधी लेकीचे डोळे बघितले.

“झोपली का?”

“झोपली की.”

“कधी?”

“झोपायच्या वेळेला,” मी म्हणालो.

“मी कोंबडा ऐकला,” रेवा अभिमानानं म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी आईनं सूत्रं हातात घेतली. आई म्हणजे माझी आई, आमच्याजवळच राहायची. सुनेच्या नोकरीला तिचा विरोध नव्हता, पण माझ्याबद्दल तिला फारशा आशाही नव्हत्या.

“तुज्यानं व्हायचं न्हाई ते,” ती म्हणाली. “बाप्या मानसाच्या हाताला झोप नसती. सर तिकडं.”

तिनं रेवाच्या तळपायांना कोमट तेल चोळलं, दुधात जायफळ उगाळून घातलं, आणि मांडीवर घेऊन थोपटायला लागली. आईनं जन्मभर भाकऱ्या थापल्या होत्या, त्याच हातानं ती नातीला थापटत होती. थपथपथपथपथप. एका भाकरीचा वेळ झाला, दुसरीचा झाला, तव्यावर टाकायची तेवढी बाकी राहिली. रेवा मांडीवर ताठ.

“आज्जी, एवढ्या नको ना मारू.”

“मारतीया कुटं बया, थोपटतीया.”

“मामा चिडतील!”

आईचा हात थांबला. “कुटला मामा? सांगलीचा?”

“गाडीतले.”

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी केलंय. वैजूचा भाऊ सांगलीचा, त्याच्याकडं मोटार होती, आणि गेल्या दिवाळीपासून आईचं त्याच्याशी पटत नव्हतं. “बघ,” ती म्हणाली, “त्येची नजर लागलीया पोरीला. तरी मी म्हनत हुते, आला तवा लई टक लावून बघत हुता.” उठली, मीठ-मोहऱ्या आणल्या, रेवावरून उतरल्या आणि चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. रेवाला ती गंमत इतकी आवडली, की आणखी एकदा उतर म्हणून ती बराच वेळ हटून बसली. मग तिला ठसका लागला, मग पाणी, मग शू, मग भूक. त्या रात्री आमच्यात सगळ्यात आधी आई झोपली.

तिसऱ्या दिवशी बालवाडीच्या बाईंचा निरोप आला, लौकर या. गेलो तर रेवाच्या कपाळाला टेंगूळ. खिचडी खाता खाता बसल्या जागी डोळा लागला आणि बाकावरून खाली आली. टेंगळावर बाईंनी हळद लावली होती. खिचडी अजून तिच्या केसांत होती. इतका वेळ मला ही सगळी गंमतच वाटत होती, त्या टेंगळानं मी सरळ झालो. तिला उचलून थेट डॉक्टर बेळगुंदकर बाईंकडे नेलं.

बाईंनी तपासलं, टेंगूळ दाबून बघितलं, रेवाच्या हातात एक बिस्कीट दिलं आणि मला म्हणाल्या, “मुलीला काही झालेलं नाही. औषध तुम्हाला लागेल. काय काय करता तिला झोपवायला?”

मी सांगितलं. पानिपतापर्यंत त्या ऐकून घेत होत्या, मोहऱ्यांना हसल्या.

“सर, रोज नवीन नाटक लावलंत तर पोरगी झोपेल कशाला? बघत बसेल. लहान मुलांना झोपेची वाट सापडायला लागते. रोज तीच वेळ, तोच मंद दिवा, आधी काय नि मग काय ते ठरलेलं. आजवर ती आईच्या वाटेनं झोपायला जात होती ना? मग आई काय करते ते विचारा, आणि तसंच्या तसं करा. अक्कल वापरू नका.”

“वाट तर आमच्या घरात केव्हाच लागलीय, बाई,” मी म्हणालो.

घरी आलो तर वैजू ओट्याशी. तिनं टेंगूळ बघितलं. रेवाला पोटाशी धरून केसांतले भाताचे कण एकेक काढत बसली. मी तिच्यासमोर पाट टाकला.

“वैजू, तू हिला झोपवायला नक्की काय करतेस?”

“काय करते? काहीच नाही.”

“नीट आठव. पहिल्यापासून सांग.”

“हात-पाय धुते. दूध देते. मोठा दिवा घालवते, बारका लावते. शेजारी पडते. थोपटते.”

“आणि गाणं?”

“मला कुठलं गाणं येतंय?” ती जराशी लाजली. “थांबे म्हणते.”

“थांबे?”

“गाडीचे. दिवसभर तेच तोंडात असतं. कॉलेज नाका, पुलाची वाडी, आंब्याचा माळ… असं पाळेवाडीपर्यंत. पोचायच्या आत झोपते ती.”

मला काय आनंद झाला! गुपित सापडलं होतं. घोकंपट्टीत तर माझा हात कुणी धरला नसता. जेवताना मी सगळे थांबे पाठ केले, आणि वैजूनं माझी तोंडी परीक्षा घेतली. मधे एकदा मी दर्गा सोडून खिंडीत गेलो तर म्हणाली, “दर्ग्याची माणसं काय चालत यायची?” पहिल्यांदाच त्या दिवशी हसली. पण संध्याकाळी गाडीत चढताना पुन्हा तिचा चेहरा उतरला होता.

“अहो,” ती खाली वाकून म्हणाली, “आज नाही झोपली तर राहू दे. तुमच्यावर काही नाही. सकाळी आल्या आल्या साहेबांच्या केबिनीत जाते आणि सांगून टाकते.”

“वैजू, आज झोपेल.”

“मला वर झोप लागत नाही. देवळाच्या ओवरीत पडते आणि हिचाच विचार.” तिचे डोळे भरून आले, तशी तिनं मान फिरवली आणि उगाच मोठ्यानं ओरडली, “चला पुढं, पुढं सरका, मागं जागा करा!” मग टिंग टिंग, आणि गाडी गेली.

त्या संध्याकाळी मी अक्कल अजिबात वापरली नाही. रेवाचे हात-पाय धुतले, दूध दिलं, मोठा दिवा घालवला, बारका लावला. वैजूची जुनी मऊ साडी उशाशी घेतली. आईला सांगितलं, दारात येऊ नको, मोहऱ्या कुलपात ठेव. मग रेवाच्या शेजारी आडवा झालो आणि आवाज शक्य तितका वैजूसारखा करून म्हणालो, “कॉलेज नाका.”

रेवानं चटकन माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं हसू आलं. अंगठा तोंडात गेला, अंग सैल पडलं. जमलं, मी मनात म्हणालो.

थप्.

अंगठा बाहेर आला.

“पुलाची वाडी.”

डोळे जड झाले.

थप्.

डोळे उघडले.

“आंब्याचा माळ.” थप्. “शाळा.” थप्. “दर्गा.” थप्. प्रत्येक थांब्याला लेकरू पेंगायचं आणि प्रत्येक थापेला दचकून जागं व्हायचं. तिला झोप येत नव्हती असं नाही. डोळे लाल झालेले, मान कलंडत होती, पण कुणीतरी खुंटीला बांधल्यासारखी ती स्वतःला ओढून जागी ठेवत होती. खिंडीपर्यंत आलो आणि माझाच धीर सुटला.

“रेवा, झोप ना गं राजा. आईसारखंच तर करतोय सगळं.”

“पप्पा,” ती रडवेली होऊन म्हणाली, “गाडी पुढंच जात नाही.”

“जाते की. खिंडीत आली बघ.”

“खिंडीतच थांबली. तू थांबवलीस.”

“मी? मी कशाला थांबवू?”

“सारखी थांबवतोस. परवा पण थांबवलीस. काल आज्जीनं पण.” ती उठून बसली आणि माझ्या छातीवर आपला तळहात मारला. एकदाच. “टिंग!” पुन्हा थांबून एकदा. “टिंग! असं करतोस.”

“मग आई कसं करते?”

तिनं तोच हात पुन्हा माझ्या छातीवर ठेवला आणि लागोपाठ दोन थापा दिल्या. जरा थांबली, परत दोन. “टिंग टिंग. टिंग टिंग. मग गाडी सुटते.”

मी एसटीवालीचा नवरा. लग्नाला आठ वर्षं झालेली. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. आणि मी दोन रात्री माझ्या लेकीच्या पाठीवर सिंगल बेल मारत होतो. माझ्या आईनं तर बेल नुसती घुमवली होती. ड्रायव्हर चिडेल नाही तर काय? सांगलीच्या मामाची बिचाऱ्याची फुकट बदनामी झाली. मला हसू यायला लागलं, पण ते तोंडापर्यंत पोचायच्या आत रेवा पुढं बोलली.

“आई अंधारात बसलीय. खिंडीत. रोज.”

म्हणजे हे लेकरू हट्टानं जागं नव्हतं. आम्ही दर रात्री तिच्या आईची गाडी खिंडीत उभी करून ठेवत होतो, आणि ती सुटायची वाट बघत ही बसलेली होती. गाडी सुटत नव्हती, मग हिनं झोपायचं कसं? साडेतीन वर्षांच्या त्या जिवाची मला इतकी माया आली आणि स्वतःचा इतका राग आला! मी तिला पुन्हा आडवी केली.

“चुकलं माझं. आता सोडतो हं. हिंदुराव मामा, तयार?”

“तयार,” रेवानं मामांच्या वतीनं सांगितलं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. थप-थप.

तिनं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की उशाची साडी हलली.

“खिंड सुटली. वरची आळी.” थप-थप. “पाणवठा.” थप-थप. अंगठा तोंडात गेला तो राहिला. डोळे मिटले ते राहिले. पाणवठ्यानंतर देऊळ, तिथं मुक्काम. मला वाटलं ती झोपली, म्हणून मी हळूच हात काढला.

“मुक्काम आला?” तिनं अंगठ्याच्या आडून विचारलं.

“आला.”

“आई उतरली?”

“उतरली. हिंदुराव मामा पण उतरले.”

“मग लाईट घालव,” ती म्हणाली. मी बारका दिवाही घालवला. तेवढ्यात तिचा श्वास जड झाला.

दारात आई उभी होती. येऊ नको म्हटलं की येणारच ती. हातात कुलपातून काढलेल्या मोहऱ्या होत्या. मी ओठांवर बोट ठेवलं, तशी ती माझ्यापेक्षाही हळू बोलली. “कसं केलंस रं?”

“गाडी सोडली,” मी म्हणालो.

आईनं तीच मूठ माझ्यावरून उतरून टाकली. नजर मलाच लागलीय, अशी तिची खात्री झाली असावी.

सकाळी मी रेवाला खांद्यावर टाकून स्टँडवर गेलो. ती अजून झोपेतच होती, लाळेनं माझा शर्ट ओला झालेला. गाडी आली. वैजू उतरली, कोटाची बटणं लावली, आणि आमच्याकडं न येता तडक साहेबांच्या केबिनीकडं निघाली. आधी सांगून टाकायचं, मग लेकीचं तोंड बघायचं, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. मी आडवा गेलो.

“ताप आलाय का हिला?” तिनं घाबरून रेवाच्या मानेला हात लावला.

“झोपलीय.”

“अजून? रात्री कधी झोपली?”

“तुझी गाडी मुक्कामाला पोचली आणि झोपली.”

मग मी सगळं सांगितलं. तिला काही केल्या पटेना. “छे! मी कशाला डबल मारते? साधं थोपटते मी. तुमच्यासारखंच. बाईमाणूस लेकराला थोपटताना बेल मोजते का?”

“ताई,” हिंदुराव मागून म्हणाले, “आत्ता तुमचा हात काय करालाय बघा.”

तिनं खाली बघितलं. बोलता बोलता तिनं रेवाला माझ्याकडून घेतलं होतं आणि हात आपोआप चालू होता. थप-थप. थप-थप. वैजू तिथंच, भर स्टँडवर, पोरीच्या मानेत तोंड खुपसून हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाही लागली. केबिनीच्या दारात साहेब आले होते. “काय वैजयंताबाई, काही काम होतं?”

“नाही साहेब,” ती डोळे पुसत म्हणाली. “आजची मुक्कामी माझीच ना, तेवढं विचारत होते.”

त्यानंतर तिनं कितीतरी मुक्कामी गाड्या केल्या. आमच्या घरात मात्र रोज तीच वेळ, तोच बारका दिवा, तेच थांबे. आई भाकऱ्या थापायची तशीच थापायची, पण नातीला थोपटताना तोंडानं “दोन, दोन” म्हणायची.

यंदा रेवा दापोलीच्या कृषी महाविद्यालयात गेली. सोडायला आम्ही दोघं स्टँडवर गेलो. वैजूची ड्यूटी नव्हती, तरी तिनं कंडक्टर पोराला बाजूला घेऊन थांब्यांवरून चार गोष्टी ऐकवल्याच. रेवा खिडकीशी बसली. मला खूप काही सांगायचं होतं. वेळेवर जेव, वेळेवर झोप, मोबाइल उशाशी घेऊ नको. पण मी नुसता गाडीच्या पत्र्यावर हात मारला.

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. त्यानं चमकून आरशात बघितलं आणि गाडी तिथंच धरली.

रेवानं खिडकीतून मान बाहेर काढली. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. “पप्पा,” ती म्हणाली, “सिंगल मारलीस.”

मी हात पत्र्यावर तसाच ठेवून उभा राहिलो. जरा जास्तच वेळ.

“मारा की अहो,” वैजू माझ्या कानाशी म्हणाली. “माणसं खोळंबलीत.”

मग मी दोन मारल्या.